आकाशवाणीचे मोल कसे करावे?

अमरावती जिल्ह्यातील मोर्शी तालुक्यात रिद्धपूर हे गाव आहे. महानुभाव पंथाचे ते तीर्थस्थान; श्रीगोविंदप्रभूंची ही भूमी आणि मराठीतील आद्य गद्यग्रंथ म्हणून गौरविले गेलेले ‘लीळाचरित्र’ म्हाइंभटांनी शके १२०० च्या सुमारास जेथे सिद्ध केले तेही हेच. आता तेथे मराठी भाषा विद्यापीठही आले आहे. या परिसराशी निगडित असलेली एक कथा अनेकांनी ऐकलेली असेल. केशिराजबास संस्कृतात ग्रंथरचना करणारे पंडित. पंथाचे तत्त्वज्ञान संस्कृतात आणावे, अशी इच्छा त्यांनी नागदेवाचार्यांपाशी व्यक्त केली. नागदेवाचार्यांनी नकार दिला. त्यांच्या नकाराचे कारण भाषाभिमान नव्हते. आपल्या पंथातील साध्यासुध्या वृद्ध स्त्रिया या रचनेला मुकतील, त्यांचे नुकसान होईल, एवढेच त्यांना दिसले.

या नकाराकडे आपण सहसा मराठीच्या गौरवाचा प्रसंग म्हणून पाहतो. मला त्यात एक हिशेबही दिसतो. संस्कृतात लिहिले असते तर तो ग्रंथ काशीपासून कांचीपर्यंत पोहोचू शकला असता. वाचकसंख्येचाच विचार करायचा तर केशिराजबासांचे म्हणणे मुळीच चुकीचे नव्हते. नागदेवाचार्यांनी संख्या पाहिली नाही. या निर्णयाने कोण बाहेर पडेल, हे पाहिले. दूर असलेल्या अनेकांना एक ग्रंथ अधिक मिळाला असता, पण जवळच्या काहींना होता तो एकच मार्ग बंद झाला असता. या दोन गोष्टी एकाच तराजूत टाकता येत नाहीत, एवढे त्यांनी ओळखले.

हा जुना प्रसंग आठवण्याचे कारण नभोवाणी हे आहे. सरकारी तिजोरीतून, म्हणजे तुमच्याआमच्या करातून चालणारे ध्वनिक्षेपण एखाद्या लहान समाजासाठी चालू ठेवावे की बंद करावे, हे कोणत्या कसोटीवर ठरवायचे? प्रश्न केवळ आपल्याकडचा नाही. न्यूझीलंडमध्ये पॅसिफिक महासागरातील बेटांवरून येऊन स्थायिक झालेल्या लोकांसाठी २००२ मध्ये सरकारी साहाय्याने ‘निऊ एफएम’ हे नभोवाणीचे जाळे सुरू झाले. सामोआ, टोंगा, कुक बेटे, नियुए, टोकेलाउ अशा ठिकाणच्या या लोकांच्या भाषा वेगवेगळ्या आहेत, आणि त्यांतील काही अगदी थोड्या मुखांतून बोलल्या जातात. नियुए बेटावर आज जेमतेम दीडदोन हजार माणसे राहतात. न्यूझीलंडमध्ये मात्र २०१८ च्या जनगणनेत तीस हजारांहून अधिक लोकांनी आपण नियुएचे असल्याचे नोंदविले. भाषा टिकायची असेल तर ती आता बेटावर नव्हे, ऑकलंडच्या घराघरांत टिकली पाहिजे. अशा जाळ्यावर खर्च केलेला पैसा सार्थकी लागला की नाही, हे ठरविण्यासाठी श्रोत्यांची गणना करणारा अधिकारी गेला, तर तो काय मोजणार?

आपल्याकडेही हा प्रश्न वारंवार येतो, फक्त तो तत्त्वाचा प्रश्न म्हणून येत नाही. काटकसरीचे परिपत्रक म्हणून येतो. १८ मे १९८८ रोजी आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी सुरू झाली. तिचा एक हजार किलोवॅट शक्तीचा प्रक्षेपक नागपूरचा. सायंकाळपासून पहाटेपर्यंत, जेव्हा इतर केंद्रे झोपी जात, तेव्हा ही वाहिनी जागी असे. रात्रीच्या विजेवर पिकाला पाणी देणारा शेतकरी, ट्रकचालक, कारखान्याच्या फाटकावरचा पहारेकरी, दवाखान्यात कुणाच्या उशाशी बसलेला नातेवाईक, असा तिचा श्रोतृवर्ग असणार हे उघडच होते. जानेवारी २०१९ मध्ये खर्चकपातीचे आणि सुसूत्रीकरणाचे कारण देऊन ती बंद करण्यात आली. जून २०२३ मध्ये पुणे केंद्राचा प्रादेशिक वृत्तविभाग हलविण्याचा आदेश निघाला. तेव्हा पुण्यातून जोराचा विरोध झाला आणि तो निर्णय थांबविण्यात आला. पुण्याला आवाज आहे. रात्री मोटारपंपापाशी बसलेल्या माणसाला तो नाही. असलाच तर तो दिल्लीपर्यंत ऐकू जात नाही. मूल्यमापनाच्या नावाखाली पुष्कळदा आपण उपयुक्तता मोजत नसतो, ओरडण्याची ताकद मोजत असतो.

आकाशवाणीचे ब्रीदवाक्य ‘बहुजनहिताय बहुजनसुखाय’ असे आहे. वरकरणी पाहता हे ब्रीद संख्येच्याच बाजूने बोलते: जेथे जन पुष्कळ, तेथे हित पुष्कळ. परंतु हे शब्द ज्या संदर्भातून आले तो पाहावा. भगवान बुद्धांनी आपल्या पहिल्या भिक्षूंना लोकांत जाण्याची आज्ञा दिली, त्या आज्ञेतील ते शब्द आहेत. त्याच आज्ञेत जगाविषयीच्या अनुकंपेचा उल्लेख आहे आणि लगेच पुढे एक व्यवहारी सूचना आहे: एकाच वाटेने दोघांनी जाऊ नये. ही सूचना मला फार अर्थपूर्ण वाटते. भिक्षू थोडे होते. सर्वांनी मिळून राजगृहासारख्या मोठ्या नगरात जावे, तेथे गर्दी जमेल, असा सल्ला संख्येचा उपासक देईल. बुद्धांनी त्यांना विखुरले. ‘बहुजन’ म्हणजे एका ठिकाणी जमलेली गर्दी असा अर्थ असता, तर या सूचनेला काही अर्थच उरला नसता. बहुजन म्हणजे अनेक वाटांवरचे अनेक जन. एकही वाट पायांवाचून राहू नये, हा त्याचा आशय.

या अर्थाने घेतले तर ब्रीदवाक्यात आणि लहान समाजाच्या हक्कात विरोध राहत नाही. (पुराणांतली आकाशवाणी तर बहुधा एकाच माणसाला उद्देशून झालेली असते. कंसाला ती ऐकू आली, तेव्हा श्रोत्यांची संख्या कुणी विचारली नव्हती!)

आता संख्येच्या कसोटीचा दोष नेमका कोठे आहे ते पाहू. प्रक्षेपक उभारायला लागणारा खर्च त्याच्या टप्प्यात किती माणसे राहतात यावर अवलंबून नसतो. मनोरा तेवढाच उंच लागतो, वीज तेवढीच लागते, निवेदक आणि तंत्रज्ञ तेवढेच लागतात. साहजिकच दरडोई खर्च काढला की दाट वस्तीचे शहर स्वस्त ठरते आणि विरळ डोंगरी मुलूख महाग. म्हणजे दरडोई खर्च ही कसोटी लावताच उत्तर तपासणीच्या आधीच ठरलेले असते. लहान समाज त्या परीक्षेत नापास होतो तो त्याच्या केंद्राचे काम वाईट म्हणून नव्हे, तो लहान आहे म्हणून. ज्या परीक्षेत एका बाजूने नापासच व्हायचे असते तिला परीक्षा म्हणणे हा शब्दाचा दुरुपयोग होय. वऱ्हाडात ठिकठिकाणी विखुरलेल्या आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नसावी. ‘तुम्ही आहात तरी किती?’ हा प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात उत्तर आधीच तयार असते.

त्यातही मोजण्याचे साधन कोठे ठेवलेले असते, हे विचारणे आवश्यक आहे. खाजगी संस्थेने २००७ पासून नभोवाणीच्या श्रोत्यांचे जे नियमित मोजमाप सुरू केले, ते मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि बंगळूर या चार महानगरांपुरते होते. जाहिरातदारांच्या दृष्टीने ते योग्यच; गिऱ्हाईक जेथे, तेथे मोजणी. पण या प्रकारच्या आकड्यांची सवय झाली की मोजला न गेलेला माणूस अस्तित्वातच नाही असे वाटू लागते. चिखलदऱ्याच्या पलीकडे एखादा माणूस रेडिओ ऐकतो की नाही हे कुणी पाहिलेले नसते, आणि पाहिले नाही म्हणून ‘ऐकत नाही’ असे लिहिले जाते.

आपण इतर बाबतींत हे सहज मान्य करतो. एस. टी. महामंडळाची गाडी दिवसातून दोन वेळा आडगावी जाते, तेव्हा त्या फेरीचे उत्पन्न डिझेललाही पुरत नसेल. पन्नास पैशांचे पोस्टकार्ड पोहोचविण्याचा खर्च त्याच्या किमतीच्या कितीतरी पट येत असे, तरी ते पोस्टकार्ड कित्येक वर्षे पन्नास पैशांनाच विकले गेले. तोटा आहे हे सर्वांना माहीत होते. त्या तोट्याला आपण उधळपट्टी म्हटले नाही. एका देशात एकत्र राहण्याचा तो खर्च आहे, हे समजून तो सोसला.

येथे एक आक्षेप आहे, आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. सार्वजनिक पैसा गरिबाचाही असतो. काडेपेटी विकत घेणारी मजूर स्त्रीसुद्धा कर भरते. मेळघाटातील धारणी आणि चिखलदरा तालुक्यांतील बालमृत्यूंची आणि कुपोषणाची वार्ता १९९० च्या दशकापासून आपण वाचत आलो आहोत. तेथे परिचारिका हवी, औषध हवे, पावसाळ्यातही चालू राहील असा रस्ता हवा. तेथल्या कोरकू समाजासाठी नभोवाणी हवी असे म्हणणारा, या मुलांच्या तोंडचा घास काढून गाण्याबजावण्यावर खर्च करा असे म्हणतो का?

हा आक्षेप विचारणारा माणूस निष्ठुर नसतो. उलट त्याच्या मनात करुणा असते. तरीही त्याची मांडणी मला सदोष वाटते. पहिली गोष्ट व्यवहाराची. केंद्र बंद करून वाचलेला पैसा परिचारिकेच्या वेतनाकडे वळतो, असा अनुभव नाही. दोन्ही खाती वेगळी, दोन्हींची वाट वेगळी. जानेवारी २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने आकाशवाणी आणि दूरदर्शन यांच्या यंत्रसामग्रीसाठी दोन हजार पाचशे कोटींहून अधिक रुपयांच्या योजनेला मान्यता दिली. पैसा होता, प्रश्न तो कोणत्या वाटेने जावा एवढाच होता. दुसरी गोष्ट अधिक खोल आहे. परिचारिका आली तरी ती काय सांगते हे आईला समजले पाहिजे. कोरकू ही मराठीची बोली नव्हे, हिंदीचीही नव्हे. ती मुंडा कुळातील, संथाळी आणि मुंडारीशी नाते सांगणारी भाषा आहे. २०११ च्या जनगणनेत सात लाखांहून अधिक लोकांनी ती आपली मातृभाषा म्हणून नोंदविली. तापाने फणफणलेल्या मुलाला केव्हा दवाखान्यात न्यावे, हे ज्या आवाजाने सांगायचे तो परका असेल तर औषधही परके राहते. अन्न आणि शब्द यांत निवड करायला लावणारा प्रश्नच मुळात चुकीचा मांडलेला असतो, आणि तो नेहमी गरिबालाच विचारला जातो. श्रीमंताला कुणी ‘भोजन हवे की वर्तमानपत्र?’ असे विचारत नाही.

मात्र एवढ्याने लहान केंद्राचे समर्थन पुरे होत नाही. ‘आम्ही थोडे आहोत, म्हणून आम्हाला काही विचारू नका’ ही भूमिकाही मला मान्य नाही. सार्वजनिक पैशाचा जाब द्यावाच लागतो. मग मोजायचे काय? याचे एक उत्तर महाराष्ट्राच्या भूमीवर फार पूर्वी शोधले गेले होते, आणि ते आपण विसरलो आहोत याचे मला आश्चर्य वाटते.

१९५६ सालच्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने एक प्रयोग केला. कॅनडात १९४० च्या दशकात शेतकऱ्यांची श्रवणमंडळे चालत असत, त्यांचा तो आपल्याकडील अवतार. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत ‘रेडिओ ग्रामसभा’ स्थापन झाल्या. आठवड्यातून दोनदा, अर्धा तास, असे एकंदर वीस कार्यक्रम झाले. गावातील बारा ते वीस माणसे एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, नंतर त्यावर चर्चा करीत, आपला वृत्तांत आणि आपल्या शंका केंद्राकडे पाठवीत, आणि त्या शंकांना पुढल्या कार्यक्रमांतून उत्तरे मिळत. आकाशवाणीचे तेव्हाचे महासंचालक जगदीशचंद्र माथुर यांचे या उपक्रमाला पाठबळ होते.

या प्रयोगाचे मूल्यमापन मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडे सोपविण्यात आले आणि पॉल न्यूराथ या समाजशास्त्रज्ञाने ते पाहिले. किती जणांनी ऐकले, एवढेच मोजून ते थांबले नाहीत. ग्रामसभा असलेली काही गावे निवडली, आणि ग्रामसभा नसलेलीही काही निवडली. या दुसऱ्या गटात रेडिओ असलेली गावे होती आणि नसलेलीही होती. कार्यक्रमांच्या आधी आणि नंतर लोकांना त्या विषयांवरचे प्रश्न विचारले. सभेच्या गावांतील माणसांच्या माहितीत ठळक वाढ दिसली. इतर गावांत ती नगण्य होती.

यातून रेडिओच्या कैवाऱ्यांनी शिकण्यासारखे पुष्कळ आहे. गावात नुसता रेडिओ असल्याने फारसे काही घडले नाही. पेटीतून येणारा आवाज गावातल्या बैठकीत पडला, त्यावर वाद झाला, कुणी तरी ‘हे आपल्याकडे चालणार नाही’ असे म्हटले आणि तेही पत्राने केंद्राकडे कळविले, तेव्हा घडले. म्हणजे श्रोत्यांची गणना हा आकडा केवळ अपुरा नाही, तो चुकीच्या जागेवर बोट ठेवतो. शंभर माणसांनी काम करता करता ऐकलेले आणि पंधरा माणसांनी बसून, भांडून ऐकलेले, यांत दुसऱ्याचे फळ अधिक असू शकते. १९५९ पासून ही मंडळे देशभर काढण्याचे ठरले. कागदावर त्यांची संख्या वाढत गेली आणि पुढे ती हळूहळू मागे पडली. जो प्रयोग संख्येपलीकडे पाहिल्यामुळे यशस्वी ठरला होता, त्याचा विस्तार मात्र संख्येच्या उद्दिष्टावर झाला. असे आपल्याकडे पुष्कळदा होते!

तरी त्या मूल्यमापनातही एक उणीव राहिलीच. गावाला सांगायचे काय, हे बहुतांशी सरकारने ठरविले होते, आणि ते किती कळले हे मोजले गेले. गावाला काय सांगायचे होते, त्याचे माप निघाले नाही. ही उणीव पुढे किती महाग पडू शकते, हे १९७५ ते ७७ च्या आणीबाणीत दिसले. केंद्रे चालू होती, श्रोते होते, प्रक्षेपण स्वच्छ होते. संख्येच्या प्रत्येक कसोटीवर आकाशवाणी उत्तीर्ण झाली असती. तिच्यावरचा विश्वास तेवढा गेला होता. नंतर वर्गीस समिती आली, १९९० मध्ये प्रसार भारतीचा कायदा झाला, तो अमलात यायला १९९७ उजाडले. मध्यंतरी, ९ फेब्रुवारी १९९५ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असा निर्वाळा दिला. त्या खंडपीठात न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. मालमत्ता सार्वजनिक असेल तर तिच्या वापराचा जाब मालकाला दिला पाहिजे, आणि लहानातला लहान समाज हाही त्या मालकांपैकी एक आहे, देणगीची याचना करणारा नव्हे.

म्हणून लहान समाजाच्या केंद्राकडे मी सवलतीने पाहू इच्छित नाही. अधिक कठोरपणे पाहू इच्छितो. त्याला विचारावे: दिवसातले किती तास तुम्ही या लोकांच्या स्वतःच्या बोलीत बोलता? बोलणारा कोण आहे, त्यांच्यातला की बाहेरून नेमलेला? गेल्या वर्षी श्रोत्यांनी पाठविलेल्या किती तक्रारींना उत्तर दिले? उद्या तुमचा आवाज बंद झाला तर येथील माणसाला दुसरीकडून काय मिळेल आणि काय मुळीच मिळणार नाही? पैनगंगेच्या पलीकडे आकाशवाणीच्या आदिलाबाद केंद्रावरून गोंडी आणि कोलामी भाषांत कार्यक्रम झालेले आहेत. कोलामी बोलणारे २०११ च्या जनगणनेत साऱ्या देशात सव्वा लाखाच्या आसपास होते, आणि त्यांपैकी बरेच आपल्या यवतमाळ जिल्ह्यात राहतात. नदीच्या अलीकडे या लोकांसाठी कोण बोलते, हा प्रश्न अकोला, यवतमाळ आणि नागपूर या केंद्रांना विचारण्याजोगा आहे. याउलट, लहान समाजाच्या नावाने उभे राहिलेले आणि दिवसभर राजधानीहून आलेला कार्यक्रम नुसता पुढे ढकलणारे केंद्र असेल, तर त्याच्या बंद होण्याचे मला दुःख होणार नाही. तो समाज त्या केंद्रात आधीही नव्हता.

आता मोबाइल आला, कुणालाही आपले गाणे, आपले भाषण जगासमोर ठेवता येते. मग सरकारने खर्च कशाला करावा, असे तरुण विचारतात. त्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे. कोरकू गीते आज मोबाइलवर सापडतात, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु मोबाइलवर जे शोधावे ते सापडते. शोधायला अक्षर लागते, पैसे भरलेले जोडणीपत्र लागते, आणि डोंगरात मिळाला तर संकेत लागतो. शिवाय तेथे काय वर यावे हे ठरविणारे यंत्र पुन्हा संख्येचेच गणित करते. रेडिओ न शोधणाऱ्याला भेटतो. चुलीपाशी बसलेल्या म्हातारीला तिच्या बोलीत, तिने न मागता, उद्या लसीकरणाची गाडी येणार आहे असे सांगणारा आवाज अजून दुसऱ्या कुणी निर्माण केलेला नाही.

उरतो तो मूल्यमापन कुणी करावे हा प्रश्न. दिल्लीत किंवा मुंबईत बसून भरून घेतलेल्या तक्त्यांनी ते व्हावयाचे नाही, हे एव्हाना स्पष्ट व्हावे. म्हाइंभटांनी लीळा गोळा केल्या त्या एका आसनावर बसून नव्हे. ज्यांनी श्रीचक्रधरांना पाहिले, ऐकले, त्या त्या माणसांपाशी जाऊन त्यांनी आठवणी मागितल्या; आणि एकच लीळा दोघांनी निराळी सांगितली तर दोन्ही पाठ जपण्याची रीत त्या परंपरेत दिसते. अधिकृत उत्तर एकच असले पाहिजे, हा आग्रह त्यांनी धरला नाही. एखाद्या केंद्राचे भवितव्य ठरविण्यापूर्वी दोन माणसांनी दोन वेगवेगळ्या वाटांनी त्या मुलखात महिनाभर हिंडावे, एकाने पुरुषांशी बोलावे, दुसऱ्याने, म्हणजे दुसरीने, बायकांशी. त्यांपैकी एकाला तरी त्या लोकांची भाषा आली पाहिजे. १९५६ मध्ये रस्ते कच्चे आणि दूरध्वनी दुर्मीळ असताना टाटा संस्थेची माणसे गावोगाव गेली होती. राष्ट्रीय वाहिनी बंद होण्यापूर्वी रात्री तीन वाजता वऱ्हाडातल्या एखाद्या मळ्यात जाऊन असे कुणी विचारले होते काय?